आजोबांचं कुरण आणि ओढ्याकाठचा चिबड पट्टा: कापावं, चारावं की सोडून द्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: साताऱ्याच्या पूर्वेला, माण तालुक्याच्या बाजूला, वडिलोपार्जित दहा एकर मुरमाड माळ. आजोबांच्या काळापासून गवतासाठी राखलेला. खालच्या अंगाला ओढ्यालगत दीडेक एकर चिबड पट्टा. तिथे होळीपर्यंत ओल असते आणि गावातल्या म्हशी चरतात. आता जमीन नातवाकडे आली आहे आणि त्याला ती वन्यजीवांसाठी राखायची आहे. बेत असा: तारेचं कुंपण घालायचं, कापणी आणि चराई बंद करायची, हजारभर देशी झाडं लावायची, चिबडात शेततळं खोदायचं. पाच वर्षांत प्राणी-पक्षी परत येतील का, असं विचारलं आहे.

आधी वाईट बातमी सांगतो. या चारही गोष्टी केल्यात, तर आज तिथे जे आहे तेही जाईल. हेतू चांगला दिसतोय, म्हणून सविस्तर लिहितोय. गेली पंचवीसेक वर्षं मी माळरानांवर काम करतोय, आणि तुमच्या बेतातल्या दोन चुका मी स्वतः, दुसऱ्याच्या पैशाने, करून बसलो आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

पहिला गैरसमज माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल, हा. झाडं तोडली, गुरं चारली, म्हणून गवत उरलं, असं आपण शाळेपासून ऐकतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर काही ठिकाणी ते खरंही असेल. पण घाटाच्या पूर्वेकडच्या पर्जन्यछायेत, जिथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तिथे विरळ काटेरी झाडं आणि मधे गवत हाच मूळचा देखावा आहे. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेच्या कथेतली तरटी सगळ्यांना माहीत असते. ती तरटी हे दाट जंगलातलं झाड नाही, उघड्या काटेरी रानातलं आहे. आणि झाडांचं सोडा, जनावरांकडे पाहा. काळवीट, चिंकारा, खोकड, आणि धाविक, माळढोक, पखुर्डी हे पक्षी. उघड्यावर पळायला, उघड्यावर लपायला, उघड्यावर अंडी घालायला घडलेली ही शरीरं आहेत. कुऱ्हाडीने दोन-चारशे वर्षांत रान उघडं केलं म्हणून असे प्राणी तयार होत नाहीत.

इंग्रजांच्या महसुली नोंदीत जिथून लाकूड मिळत नाही आणि शेतसाराही मिळत नाही ती जमीन 'पडीक' ठरली. तो शिक्का अजून पुसला गेलेला नाही. पडीक म्हटलं की तिच्यावर काहीतरी 'करायची' खाज सुटते, मग ते वनीकरण असो, सौरपट्ट्या असोत नाहीतर प्लॉटिंग.

आता तुमचे आजोबा काय करत होते ते पाहू, कारण उत्तर तिथेच आहे. मी त्यांना भेटलेलो नाही, पण त्या भागात राखलेल्या कुरणाचं वेळापत्रक सगळीकडे साधारण एकच असे. पहिला दमदार पाऊस झाला की माळ बंद. गुरं बांधांवर, ओढ्याकडेला, गायरानात. गवताला फुटायला, फुलायला आणि बी धरायला तीन-साडेतीन महिने मोकळे मिळत. दसऱ्याच्या आसपास विळे बाहेर निघत. घरची माणसं, दोन-चार गडी, आणि दहा एकर. म्हणजे कापणी दिवाळीच्या पुढेही चालायची. पेंढ्या बांधायच्या, भारे वाहायचे, गंजी रचायची. मग कापलेल्या भागात गुरं सोडायची. उरलेल्या भागात अजून गवत उभं. नंतर कोकणाकडे निघालेल्या धनगरांचा वाडा, म्हणजे कळपासकट तळ, दोन-चार दिवस बसायचा, मेंढ्या खत टाकून पुढे जायच्या. होळीपर्यंत माळ खरवडलेला, आणि पाऊस आला की पुन्हा बंद.

यात वन्यजीवांचा विचार कोणीही केलेला नव्हता. तरी त्यांचं भागलं, कारण कापणी सावकाश होती आणि तुकड्यातुकड्याने होती. कुठल्याही आठवड्यात माळाचा एक भाग कमरेएवढा, एक घोट्याएवढा, एक नुकता कापलेला, एक गुरांनी तुडवलेला असे. ज्याला जे हवं ते दोनशे पावलांवर मिळे. आज भाड्याचं यंत्र आणून दीड दिवसात सगळा माळ एकसारखा भादरता येतो. गवत तेच, महिना तोच, पण भारीट, लावा, सरडे, नाकतोडे यांना सरकायला जागा राहत नाही. आणि काहीच कापलं नाही तर तेवढाच एकसारखा, फक्त उंच. दोन्हीकडे नुकसान एकच आहे.

माझी चूक इथे सांगतो. कामाला लागून पाच-सहा वर्षं झाली होती. एका देणगीदाराच्या मदतीने साडेचार एकरांचा असाच राखलेला तुकडा मी कुंपण घालून 'संपूर्ण संरक्षित' केला. पहिल्या पावसाळ्यात दृश्य असं की फोटो काढून हात दुखले. शेडा, पवन्या, मारवेल ही गवतं छातीला लागत होती. दुसऱ्या वर्षी उभ्या जुन्या काडीतून नवे फुटवे वर यायला धडपडत होते. तिसऱ्या वर्षी वाळलेल्या पात्यांची गादी इतकी जाड झाली की खाली ऊन पोहोचेना. ठोंब मधून कुजू लागले, गवतातली छोटी फुलझाडं दिसेनाशी झाली, आणि पूर्वी पहाटे चार-पाच जोड्या ऐकू यायच्या तो चंडोल एकही उरला नाही. त्याला चालायला जमीन लागते, गादी नाही. मार्चमध्ये कुठून तरी ठिणगी आली आणि तीन वर्षांचं साठलेलं इंधन एका दुपारी गेलं. कापलेल्या माळावर आग गुडघ्याखाली पळते. इथे ती कडेची दोन बाभळीची झाडंही घेऊन गेली.

हे माझ्यापुरतं असतं तर गोष्ट वेगळी. पण याच चुकीचा मोठा नमुना देशाने पाहिलेला आहे. राजस्थानात भरतपूरचं केवलादेव, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं पाणथळ आणि गवताळ रान. शेकडो म्हशी तिथे पिढ्यान्‌पिढ्या चरत होत्या. १९८२ साली चराईवर बंदी आली. विरोध झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. नंतरच्या वर्षांत काय झालं? म्हशी जे पाणगवत खाऊन ताब्यात ठेवत होत्या ते उथळ पाण्यावर पसरलं, उघडं पाणी कमी झालं आणि बदकांपासून अनेक पाणपक्ष्यांना जागा आखडली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तिथला अभ्यास दहा वर्षं चालला होता, आणि म्हशी हा त्या पाणथळाचा भागच होत्या हे त्यातून स्पष्ट झालं. आपल्याकडे कासचं पठार घ्या. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत कासचा समावेश झाला, गर्दी लोटली, आणि फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून कुंपण आलं. त्या कुंपणाने माणसांबरोबर गुरंही बाहेर राहिली. गवत दाटलं, त्याखाली बुटकी फुलझाडं झाकली जाऊ लागली, अशी तक्रार गावकरी आणि वनस्पती अभ्यासक दोघंही करू लागले. शेवटी कुंपण काढावं लागलं. कासवरच्या गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू या वनस्पती बोटभर उंचीच्या. नत्राची वानवा असलेल्या ओल्या कातळी मातीत त्या जगतात. त्यांतल्या काही तर किडे खाऊनच ती वानवा भरून काढतात. दाट गवताच्या सावलीत त्यांचा टिकाव लागत नाही.

याचा अर्थ 'चरू द्या, काही होत नाही' असा काढू नका. चराईने कुरण मरतं, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. अतिचराईची पायरी-पायरी गवतावरून वाचता येते. शेडा, पवन्या, मारवेल ही बहुवर्षायू, रुचकर, खोल मुळांची गवतं पहिल्यांदा जातात, कारण जनावर तीच निवडून खातं. मग कुसळी पसरते. मग तीन बारीक कुसांची, तारेसारखी, जनावर तोंड न लावणारी गवतं येतात आणि मधेमधे नुसता मुरूम. तुमच्या माळावर आज कुठली पायरी आहे हे मला लांबून सांगता येणार नाही, पण तुम्हाला दसऱ्याच्या आधी एक फेरी मारून कळेल. गवताचा ठोंब मुठीत धरा. बुडाशी जुने फुटवे, गाठी, मजबूत पकड असेल तर ते बहुवर्षायू. उपटून हातात आलं तर एका पावसाचं पाहुणं.

कुसळीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिला उगाच शिव्या बसतात. तिच्या बियाचं कूस ओलं झालं की उलगडतं, वाळलं की पिळतं, आणि या पिळण्या-उलगडण्यात बी स्वतःला गिरमिटासारखं जमिनीत रोवून घेतं. तेच गिरमिट मेंढीच्या लोकरीत, गुराच्या जिभेत आणि तुमच्या पायमोज्यातही चालतं. म्हणून जुनी माणसं कुसळी कूस पक्व होण्याआधी कापत, नाहीतर कुसं गळून जाईपर्यंत थांबत. मधल्या पंधरा-वीस दिवसांत तिला हात लावत नसत. माळावर थोडी कुसळी असणं हा रोग नाही. सगळी कुसळीच असणं हे मात्र वारंवार जाळण्याचं किंवा जास्त चारण्याचं लक्षण आहे. आग तिला मानवते.

तुमच्या दहा एकरांत कोण राहत असेल? खरवडलेल्या, खडे दिसणाऱ्या भागात माळटिटवी आणि धाविक. माळटिटवी मार्चपासून पावसापर्यंत उघड्या जमिनीवर अंडी घालते. भोवती खडे मांडते, आणि अंडी त्या खड्यांत इतकी मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. पखुर्डी त्याहून आधी, उन्हाळ्याच्या तोंडाला. तिचा नर लांबच्या पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणतो आणि पिल्लं ती पिसं चोखतात. या पक्ष्यांना छातीएवढं गवत म्हणजे भिंत. उलट लाव्याला, तितराला, वटवट्याला आडोसा हवा. ऑक्टोबरात मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी दिवसभर माळावर खाली-खाली तरंगत नाकतोडे, उंदीर टिपतात आणि संध्याकाळी उंच गवतात, जमिनीवरच, थव्याने मुक्कामाला उतरतात. सगळं गवत नोव्हेंबरात कापलं तर त्यांना निजायला जागा नाही. सगळंच उभं ठेवलं तर शिकार दिसत नाही.

साखळी किती नाजूक असते त्याचं एक उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं. चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या आल्या. तिथला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचा वावर खूप घटला, आणि त्यामुळे गळ्याला निळा-केशरी पंखा असलेले सरडे वाढले. केवळ वाढले नाहीत, त्यांचं वागणं बदललं. माणूस अगदी जवळ जाईपर्यंत ते पळेनात. या सरड्याच्या एका जातीला स्वतंत्र नाव मिळालं तेच २०१६ मध्ये, चाळकेवाडीच्या नमुन्यांवरून. ज्याला आपण रिकामी जागा म्हणतो तिथल्या सरड्याचं नाव ठरायला एवढा वेळ लागला.

माळढोकाबद्दल लोक हमखास विचारतात. सोलापूर-नगर भागात १९७९ साली त्याच्या नावाने तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं, लोकांचा राग आला, पुढे क्षेत्र कितीतरी कमी करावं लागलं. दरम्यान पाटपाण्याने माळांचा ऊस झाला, विजेच्या तारा आल्या, उरलेल्या माळांवर कुठे झाडं लावली गेली. आता तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ संपला आहे. तुमच्या दहा एकरांत तो येणार नाही. उलट रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य २.१७ आणि सुप्याचं मयूरेश्वर ५.१४ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागांनीही काळवीट आणि चिंकारा धरून ठेवले. पण तेही भोवतालच्या खाजगी माळांच्या, गायरानांच्या आणि ज्वारीच्या रानांच्या जोरावर. हरिण सातबारा वाचत नाही. म्हणून तुमच्या तारेच्या कुंपणाला माझा पहिला विरोध आहे: रात्री पळणाऱ्या चिंकाऱ्याला तार दिसत नाही, आणि तुमचा माळ शेजारच्या माळापासून तुटला की दोघंही लहान होतात.

झाडांचं लवकर उरकतो. लावू नका. असलेली बोर, हिवर, बाभूळ, एखादा पळस राहू द्या. दहा एकरांत विखुरलेली पंधरा-वीस झाडं खाटीक पक्ष्याला बसायला आणि गुरांना सावलीला पुरे. हजार झाडं म्हणजे हजार खड्डे, आणि त्या प्रत्येक खड्ड्याने शे-पन्नास वर्षांचे ठोंब उपटले जातील. एकदा नांगरलेलं किंवा चर मारलेलं कुरण पुन्हा तसं होताना मी अजून पाहिलेलं नाही. वर गवत दिसतं, पण ते दुसरंच असतं. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी ही तर 'देशी'च्या नावाखालीही लोक खपवतात. बीजगोळे फेकणाऱ्या सहली आल्या तर चहा पाजून परत पाठवा. चारा वाढावा म्हणून स्टायलो (जमिनीतलं नत्र वाढवणारं चाऱ्याचं पीक) पेरायचा किंवा युरिया टाकायचा सल्लाही कोणीतरी देईलच. कुरणाची श्रीमंती जमिनीच्या गरिबीवर उभी असते. नत्र वाढलं की दोन-तीन दांडगी गवतं बाकी सगळ्यांना दाबतात. हटवायचंच असेल तर वेडी बाभूळ, घाणेरी आणि गाजरगवत हटवा. वेडी बाभूळ नुसती छाटू नका, दुप्पट फुटते. पावसाळ्यात जमीन मऊ असताना रोपं मुळासकट काढा.

आता चिबड पट्टा. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग हाच, आणि नेमका तोच तुम्ही खोदायला निघालात. माणसारख्या कोरड्या मुलखात होळीपर्यंत ओल धरणारं दीड एकर म्हणजे आजूबाजूच्या कित्येक किलोमीटरांचं पाणवठ्याचं गाव. उथळ पाणी, चिखल, हरळी, लव्हाळा, थोडं पाणकणीस, नीरब्राह्मी, काटेरी कोळशिंदा, आणि यांत पसरलेल्या खुरांच्या खुणा. त्या खुणांना कमी लेखू नका. म्हशीच्या एका खुरात पाच-सहा दिवस पाणी राहतं; तेवढ्यात डासांची, पाणकिड्यांची पिलावळ वाढू लागते आणि पाणलावा आपली लांब चोच त्याच चिखलात खुपसतो. पहिल्या वळवाला पिवळेजर्द होऊन ओरडणारे मोठे बेडूक अशाच उथळ, तात्पुरत्या पाण्यात अंडी घालतात. ते पाणी बारमाही नसतं म्हणूनच त्यात पिल्लं खाणारे मासे नसतात. शेततळं खोदलंत की उथळपणा गेला, चिखल गेला, कड उभी झाली. त्यात प्लास्टिक अंथरलंत तर तो सापळाच: पाणी प्यायला उतरलेलं खोकड किंवा हरिण गुळगुळीत कागदावरून वर येऊ शकत नाही. तशी मेलेली जनावरं मी बाहेर काढली आहेत.

तिथे म्हशी हव्यातच. मात्र किती आणि केव्हा, हे ठरवा. हिवाळ्यात पिवळे धोबी आणि गायबगळे म्हशींच्या पायांशी फिरतात तेव्हा चराई चालू राहू द्या. पाणकणीस त्याने आटोक्यात राहतं. पण पट्ट्याचा एक तृतीयांश भाग दर वर्षी पावसाळाभर गुरांपासून मोकळा ठेवा, पुढच्या वर्षी दुसरा. कोळशिंद्याची झुडपं काट्यांमुळे गुरं टाळतातच. ती उपटू नका, फुलपाखरांच्या अळ्या त्यावर वाढतात. उजनी किंवा नांदूर मधमेश्वरच्या काठाने पाणी ओसरल्यावर जे गवत उगवतं त्यावर गुरं आणि पट्टकादंब एकाच वेळी चरताना पाहिले असतील तर मी काय म्हणतोय ते कळेल. कादंबांना आखूड, कोवळं गवत लागतं. अशा काठांना गुरांपेक्षा कडेपर्यंत येणाऱ्या गाळपेराचा (उघड्या पडलेल्या गाळातल्या पेरणीचा) आणि औषधफवारणीचा त्रास जास्त होतो.

औषधावरून आठवलं. गावातल्या गुरांना जंताचं औषध टोचलं असेल तर काही आठवडे ती तुमच्या माळावर येणार नाहीत, अशी विनंती करून पाहा. त्यातली काही औषधं शेणातून बाहेर पडतात आणि शेणकिडे मारतात. शेणकिडे गेले की शेण पडून राहतं, त्याखालचं गवत मरतं, आणि ते किडे खाणारे पक्षी, खोकड उपाशी राहतात. पशुवैद्यकाशी बोललं तर पर्यायी औषधं मिळतात.

धनगरांना माळ बंद करू नका, हे वेगळं सांगतो, कारण कुंपणवाल्यांची पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. दसऱ्यानंतर कोकणाकडे जाणारा आणि पावसाच्या तोंडाला परतणारा कळप तुमच्या माळावर वर्षातून दोनदा, मोजके दिवस येतो. फुलोऱ्याच्या महिन्यांत तो तिथे नसतोच. याहून सोयीचं 'चराई व्यवस्थापन' कुठल्या आराखड्यात मिळायचं नाही. मेंढरांच्या लोकरीत आणि खुरांत बी एका माळावरून दुसऱ्यावर जातं. आणि लांडगा. माणदेशात लांडगे अजून आहेत ते कळपांच्या आधाराने. हरणं कमी झाल्यावर त्यांचं पोट बहुतांशी शेळ्यामेंढ्यांवर आहे. मेंढपाळाला त्याचा राग येतो, पण लांडग्याचा वाटा धरूनच हिशेब करणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. लांडग्याला खरा धोका मोकाट कुत्र्यांचा आहे. कुत्री त्याला रोग देतात, त्याच्याशी जुगतात, आणि उन्हाळ्यात जमिनीवरच्या घरट्यांची अंडी-पिल्लं साफ करतात. माळाच्या कडेला हॉटेलचा उकिरडा किंवा कोंबडीचा कचरा पडत असेल तर तुमचं पहिलं काम तो बंद करणं. कुंपणाच्या निम्म्या खर्चात होईल.

वणव्याबाबत मतभेद आहेत. गवताळ रानाला आग नवी नाही, आणि जळलेल्या माळावर वळवानंतर कोवळं हिरवं लवकर येतं म्हणून लोक लावतात, ते अगदी अडाणीपणाने नाही. तरी एप्रिलमधला, दहाच्या दहा एकरांवरून जाणारा वणवा मी टाळेन, कारण तेव्हा टिटव्या, चंडोल, धाविक घरट्यावर असतात. गवत कापून नेलेलं असेल तर जाळायची गरजही उरत नाही. शेजाऱ्यांकडून आग येऊ नये म्हणून कडेने चार-पाच हात रुंदीचा पट्टा दिवाळीनंतर बुडापासून कापून घ्या. तोच जाळरेषेचं काम करतो.

मग यंदा काय करायचं? माळाचे मनात चार तुकडे पाडा. खांब रोवायची गरज नाही, बांध-ओघळ-झाड अशा खुणा पुरे. पाऊस पडल्यापासून फुलोरा संपेपर्यंत चारही बंद. दसऱ्यानंतर पहिला तुकडा कापा, पंधरा दिवसांनी दुसरा, पुन्हा पंधरा दिवसांनी तिसरा. चौथा उभाच ठेवा, पुढच्या पावसापर्यंत. भोवत्यांना, लाव्यांना, सरड्यांना, आणि बी झडायला. पुढच्या वर्षी उभा ठेवायचा तुकडा बदला, म्हणजे माझ्यासारखी तीन वर्षांची गादी होणार नाही. शक्यतो विळ्याने, आणि यंत्र वापरलंच तर चार बोटं सड राखून, मधून सुरुवात करून कडेकडे जा. कडेकडून आत गेलात तर पळणारं सगळं मधल्या शेवटच्या पुंजक्यात अडकतं आणि तिथेच कापलं जातं. कापलेलं गवत उचलून न्या, जागेवर कुजू देऊ नका. भारे विका, गावाला द्या, काहीही करा. अकोला-वाशीमकडे फासेपारधी कुटुंबांनी गवताळ रानं राखायला घेतली, तिथेही गवत नुसतं राखलं नाही, कापून वापरलं. आणि त्या भागात तणमोर हा गवताळ रानातला दुर्मीळ पक्षी दिसल्याच्या नोंदी आहेत. गवताचा गावाला उपयोग असेल तोवर गाव ते राखतं.

दर महिन्याला एकदा पहाटे त्याच वाटेने चाला आणि दिसेल ते वहीत लिहा. पहिल्या वर्षी तुम्हाला सगळे पक्षी तपकिरी आणि सारखेच दिसतील. हरकत नाही, माझंही तसंच होतं. आजोबांच्या वेळचा एखादा गडी किंवा गावातली गवताला जाणारी म्हातारी अजून असेल तर पहिली फेरी तिच्याबरोबर मारा, आणि कुठलं गवत कुठे होतं, कुठला कोपरा आधी कापायचे, ओढा पूर्वी कुठवर पसरायचा, हे विचारून घ्या. हे माझ्याकडे नाही, तुमच्या सातबाऱ्यातही नाही.

तारेची आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर तेवढी तार गावातल्या उघड्या विहिरीभोवती लावून टाका. लांडगा आणि खोकड रात्री अशा विहिरीत पडतात.